अर्ध्या किरणांचा फोटो

सोलापूरचा उन्हाळा सुरू झाला की आमच्या हॉस्पिटलात दोन गोष्टी तापायच्या. एक डार्करूममधला फिल्म धुवायचा डेव्हलपर आणि दुसरी मी. डेव्हलपर निदान रात्री जरा निवायचा.

सत्तरीचं दशक उतरणीला लागलं होतं. मी पुण्याहून क्ष-किरणांची पदविका घेऊन नुकतीच नोकरीला लागले होते. माहेर बार्शीचं, आणि स्वभाव असा की ‘इथं असंच चालतं’ हे वाक्य ऐकलं की टाळकं सरकायचं. ते वाक्य मला दिवसातून बऱ्याचदा ऐकू यायचं. त्यातलं निम्मं आमच्या डार्करूमच्या मामांकडून.

मामा विणकरांच्या तेलुगू घरातले. घरी सगळे मागावर आणि हे एकटे अंधारात. फिल्म धुण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही असं सगळं हॉस्पिटल मानायचं, आणि सगळ्यात जास्त ते स्वतः मानायचे. फिल्म डेव्हलपरच्या टाकीत सोडायची, मधेच उचलून लाल दिव्यासमोर धरायची, डोळे बारीक करायचे, ‘आली’ म्हणायचं आणि चित्र पक्कं करणाऱ्या हायपोत बुडवायची. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याचा उपयोग फक्त जेवणाची सुट्टी कळण्यापुरता.

यात गोम अशी होती. डेव्हलपर गरम असला की फिल्म बघता बघता काळी पडते, म्हणून मामा ती लवकर उपसायचे. लवकर उपसलेली फिल्म फिकी राहते, म्हणून यंत्रावर बसणारे आधीच किरण वाढवून द्यायचे. किरण वाढवले की फिल्म आणखी लवकर काळी पडायची, मग मामा आणखी लवकर उपसायचे. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि सगळे खूश होते. जादा किरण जात होते ते टेबलावर निजलेल्या माणसाच्या अंगात, आणि ते काही त्याला दिसत नव्हते. फिल्मही कशी यायची, तर घाईत उतरवलेल्या भाकरीसारखी, वरून करपलेली आणि आत कच्ची.

हाताच्या किंवा छातीच्या फोटोला हे एक वेळ खपून जायचं. पण त्याच सुमारास आमच्याकडे परदेशात शिकून आलेले हाडांचे सर्जन रुजू झाले आणि त्यांनी खुब्याचे सांधे बदलायला सुरुवात केली. माणसाच्या कमरेत लोखंडी गोळा आणि प्लास्टिकची वाटी बसवतात, ती सिमेंटनं चिकटवतात आणि माणूस चालायला लागतो, हे बघून आम्ही सगळेच हरखून गेलो होतो. मी तर पहिली फिल्म घरी नेऊन नवऱ्याला दाखवली. तो म्हणाला, “छान आहे, पण जेवायला वाढ.”

खुबा म्हणजे शरीराचा जाडजूड भाग, त्याला किरण सगळ्यात जास्त लागतात. आणि बाईच्या बाबतीत तिचे बीजकोश अगदी तिथंच, हातभरही लांब नाहीत.

सरांनी सांधा बदललेली एक तरुण बाई होती, मंद्रूपकडची, शेतकऱ्याची सून. लग्नानंतर तिला सांधेदुखीनं धरलं आणि डावा खुबा पार आखडला. खाली बसता येईना, म्हणून ती कित्येक दिवस उभ्यानंच वाकून भाकऱ्या करायची. ऑपरेशननंतर सरांनी उकिडवं बसायला कायमची बंदी केली, तेव्हा नवऱ्यानं चूल उचलून ओट्यावर चढवली. तसा नवरा मंद्रूपात काय, सोलापुरातही मला दुसरा दिसला नव्हता. दर महिन्याला ती यष्टीनं यायची, टेबलावर निजायची आणि ‘माझा फोटू दावा की’ म्हणून आपलं लोखंड कौतुकानं बघून जायची.

मग ती यायची बंद झाली. सरांनी दोनदा निरोप धाडला. शेवटी आली ती काठी टेकत, लंगडत. खुब्याच्या बाजूला दुखत होतं. सरांचा चेहरा उतरला. सिमेंट सुटलं असेल, सांधा ढिला झाला असेल, तर सगळं पुन्हा उघडायला लागणार. त्यांनी तिला ताबडतोब माझ्याकडे पाठवली.

ती दारातच उभी राहिली.

“आत ये की,” मी म्हटलं.

“ब्याड अक्का,” ती म्हणाली. घरात निम्मं कानडी, त्यामुळे तिचं ‘नको’ नेहमी कानडीतून यायचं. “फोटू ब्याड.”

“का गं?”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो शहाणा माणूस, आपणहून व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. मग ती हळू आवाजात म्हणाली, “गावातली नर्सबाई म्हनली, लई फोटू काढले की पोटाला बाधतंय. आमाला अजून मूल न्हाई. आता चालाय येतंय तर आता तरी हुईल म्हनून आस लावून बसलोय आमी. खरं हाय का वो ते?”

‘एवढ्यानं काही होत नाही’ हे पाठ केलेलं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. पण तिचं पाकीट माझ्या हातात होतं. त्यात दर महिन्याची फिल्म होती, आणि बिघडली म्हणून पुन्हा काढलेल्याही होत्या. एकदा तर कनवटीला किल्ल्यांचा जुडगा राहिला होता, तो खुब्याच्या मधोमध छापून आलेला. प्रत्येक वेळी गरजेपेक्षा जास्त किरण, ते कशासाठी, तर आमचा डेव्हलपर तापतो आणि आम्ही तो थंड करत नाही म्हणून. मला त्या खोलीतल्या सगळ्या यंत्रांचा आणि सगळ्या माणसांचा, माझ्यासकट, असा काही राग आला की कानशिलं गरम झाली.

“हे बघ,” मी म्हटलं, “पोटाला बाधेलच असं नाही. पण जितके कमी तितके बरे, हे खरं आहे. सरांना आतलं बघायलाच हवं. मी एकच फोटो काढीन. आत्तापर्यंत काढले त्याच्या निम्म्या किरणांत. आणि तो बिघडला, तरी दुसरा काढणार नाही.”

“शपथ?”

“सिद्धेश्वराची शपथ.”

शपथ घेऊन झाली आणि मग लक्षात आलं की हे कसं करायचं ते मला माहीत नाही.

शिवाय आणखी एक पथ्य होतं. बायकांच्या ओटीपोटाच्या भागाचा फोटो पाळी आल्यापासून दहा दिवसांच्या आत काढावा, म्हणजे पोटात नकळत गर्भ असायची शक्यता राहत नाही, असा नियम मी पुण्यात शिकले होते. आमच्याकडे बायका तारखा लक्षात ठेवत नाहीत आणि पुरुषांसमोर हा विषय काढता येत नाही. म्हणून मी त्यावर माझ्या मते फार हुशार तोड काढली होती. तीच पहिल्यांदा हिला ऐकवली. “बाजूला बसून उठलीस की त्याच आठवड्यात ये.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “आमच्यात बाजूला बसत न्हाईत की. लिंगायताचं घर हाय.”

माझी हुशारी पहिल्याच गिऱ्हाइकाशी आपटली. आम्ही दोघी इतक्या हसलो की बाहेरून नवऱ्यानं डोकावून पाहिलं. मग तिनंच मार्ग काढला. वेळ आली की ती नवऱ्याला निरोप घेऊन पाठवणार, त्यानं फक्त ‘अमुक दिवशी येतो’ एवढंच म्हणायचं आणि मी काय ते समजून घ्यायचं. तोवर काठी आणि विश्रांती.

सर चिडले. “मला आज बघायचंय.”

“आज ती निजणारच नाही,” मी म्हटलं. “तिचा निरोप येईल त्या दिवशी निजेल. त्या दिवसासाठी तुमच्या टेबलावरचा नमुन्याचा सांधा मला द्या.”

कंपनीनं दिलेला तो चकचकीत सांधा सरांनी कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवलेला असायचा. तो मी प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात बुडवला, कारण पाण्यातून किरण साधारण मांसातून जातात तसेच जातात. ऑपरेशनमध्ये मांडीच्या हाडाचा कापलेला तुकडा परत बांधायला सर बारीक तार वापरायचे. तसली तारही सांध्याभोवती गुंडाळली. आणि ओपीडी आटोपली की दुपारी आम्ही बादलीचे फोटो काढायला लागलो. वॉर्डबॉय दारातून बघून जायचे. बाई बादलीचं हाड मोडलंय का बघतायत, अशी बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला असं वाटत होतं की शाळेनंतर प्रथमच मी काहीतरी खेळतेय.

पहिली लढाई मामांशी झाली. मी डार्करूममध्ये गजराचं घड्याळ नेऊन ठेवलं आणि म्हटलं, आजपासून फिल्म घड्याळावर उपसायची, डोळ्यांवर नाही.

“काय बाई,” मामा म्हणाले, “ह्या घड्याळाला डोळे हैत काय?”

“नाहीत. म्हणूनच आणलंय.”

ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मी बर्फ मागवला, तेव्हा तो त्यांनीच कारखान्यातून सायकलवर, गोणपाटात भुशात गुंडाळून आणला, आणि काही कळायच्या आत एक मोठा तुकडा थेट डेव्हलपरच्या टाकीत सोडला. सरबतात सोडावा तसा. डेव्हलपर थंड झाला खरा, पण पातळही झाला. त्या दिवशीची फिल्म ताकासारखी पांढरीफटक आली. मी एवढी ओरडले की शेजारच्या ड्रेसिंग रूममधल्या पेशंटनं ‘काय झालं वो’ म्हणून विचारलं. मामा शांतपणे म्हणाले, “थंड करा म्हनलात. केलं.”

मग बर्फ बाहेरच्या टाकीतल्या पाण्यात घालायचा आणि डेव्हलपरची टाकी त्या पाण्यात उभी ठेवायची असं ठरलं. तापमापक पॅथॉलॉजीतून उसना आणला. पारा पुस्तकात लिहिलेल्या जागी आला तेव्हा आम्ही निम्म्या किरणांत बादलीचा फोटो घेतला आणि फिल्म टाकीत सोडली. अर्धा वेळही झाला नसेल, मामांचा हात फ्रेमकडे गेला. मी अंधारात त्यांचं मनगट धरलं. ते ओढतायत, मी सोडत नाही. गजर होईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो, आणि आज सांगते, त्या वयातल्या त्या माणसाच्या मनगटात चांगलीच ताकद होती.

हायपोतून काढून फिल्म उजेडात धरली. मामा पुढून बघतात, मागून बघतात. काळं ते खरंच काळं होतं, पांढरं ते पांढरं. तारेचा एकेक वेढा मोजता येत होता.

“ही निम्म्यातली?” त्यांनी विचारलं.

“निम्म्यातली.”

“मंग आपन इतके दिस काय करत हुतो?”

ते घड्याळाजवळ गेले, त्याला चावी दिली आणि म्हणाले, “अजून कमी करून बघू की.”

त्यानंतर मामांनी मला झोपू दिलं नाही असं म्हणायला हरकत नाही. रोज दुपारी मामाच बादली भरून तयार. किलोव्होल्ट, म्हणजे किरणांचा जोर, थोडे वाढवायचे म्हणजे किरण आरपार जातात, अंगात कमी मुरतात. मग किरणांचं प्रमाण अजून उतरवायचं. किरणांचा झोत आवळून फक्त सांध्यापुरता करायचा. निम्म्याच्या खाली गेलो, आणखी खाली गेलो, एका जागी फिल्म फिकी यायला लागली तेव्हा एक पायरी वर चढून थांबलो. फाटलेल्या शिशाच्या एप्रनमधून मी बीजकोशांवर ठेवायला एक तुकडा कापला. तो जरा खाली सरकला तर सांध्याची वाटी झाकणार, जरा वर सरकला तर उपयोग नाही. म्हणून मी स्वतः टेबलावर निजले, यंत्र बंद ठेवून, आणि नर्सला माझ्या कमरेच्या हाडांवरून बोटांनी जागा शोधायला लावली. तिला गुदगुल्या करायच्या नव्हत्या आणि मला हसायचं नव्हतं, दोन्ही जमलं नाही.

शनिवारी मंद्रूपचा नवरा आला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. “सोमवारी येतो,” एवढंच म्हणाला आणि जवळजवळ पळतच गेला.

सोमवारी सकाळपासून माझं कशात लक्ष नव्हतं. बर्फ आला, पारा उतरला, ती आली. कनवट झाडून घेतली, किल्ल्या नवऱ्याकडे दिल्या. पण मी तिला टेबलावर निजवून बटणावर हात ठेवला नाही. आमच्या गावात माग सुरू असताना विजेचा दाब पडतो आणि गिरणीचा भोंगा होऊन माग थांबले की दिवे उजळतात, हे सोलापुरात कुणालाही विचारा. दाब पडलेला असताना एवढ्या कमी किरणांत फिल्म आली नसती. म्हणून आम्ही भोंग्याची वाट बघत बसलो. शिशाचा तुकडा जागेवर, झोत आवळलेला, ती छताकडे बघतेय आणि मी दिव्याकडे.

“भ्या वाटतंय काय अक्का?” तिनं मलाच विचारलं.

“हो,” मी म्हटलं. ती हसली. भोंगा झाला, दिवा उजळला, मी म्हटलं, “श्वास धर, हलू नको,” आणि बटण दाबलं.

डार्करूममध्ये मी आणि मामा. फिल्म टाकीत गेली. मी त्यांचं मनगट धरायला हात पुढं केला, तर अंधारातून आवाज आला, “धरू नका बाई. हात मागं बांधल्यात मी.” फिकी आली तर ती पुन्हा निजणार नव्हती, मी निजवणार नव्हते, आणि सरांना आतलं काही न बघताच चाकू उचलावा लागला असता. गजर होईपर्यंतचा वेळ किती लांब असतो ते मला त्या दिवशी कळलं.

फिल्म उजेडात आणली तेव्हा पाणी माझ्या कोपरावरून साडीवर गळत होतं. सांधा लख्ख दिसत होता. सिमेंटच्या कडेला कुठंही फट नव्हती. आणि बाहेरच्या बाजूला ती हाड बांधलेली तार एका जागी तुटून टोक वर आलेलं. केसाएवढं टोक. मी मागची फिल्म काढून शेजारी धरली. त्या वेळीही तार तुटलेली असावी, पण त्या करड्या, अर्धवट धुतलेल्या फिल्ममध्ये टोक दिसणं शक्यच नव्हतं. दुप्पट किरण देऊन आम्ही निम्मंच बघत होतो.

मी ओली फिल्म घेऊन व्हरांड्यातून धावत सुटले. मागून मामा धावत होते. सरांनी ती खिडकीशी धरली, आणि मग आमचे गंभीर सर खुर्चीवर बसून चक्क मोठ्यानं हसायला लागले. सांधा घट्ट होता. तारेचं टोक आत टोचत होतं, बस. छोट्याशा शस्त्रक्रियेत त्यांनी ती तार काढली आणि काही आठवड्यांत तिची काठी सुटली.

त्यानंतर आमचा रुबाब काही विचारू नका. बर्फ हॉस्पिटलच्या खर्चात रोज यायला लागला. मामा नव्या माणसांना घड्याळ शिकवायला लागले. सरांना तर उधाणच आलं. त्यांना पुढच्या परिषदेत आपले सांधे दाखवायचे होते. “डोस आता कमीच आहे ना बाई, मग जरा जास्त वेळा काढू,” असं ते म्हणायचे आणि मलाही त्यात काही वावगं वाटेना, कारण प्रत्येक फिल्म आधीच्यापेक्षा कमी किरणांत काढायची मला चटक लागली होती.

आणि एक दिवस ती आली. ठरलेली तपासणी होती, तारीख या वेळी सरांनी दिलेली. मला एका विक्रेत्यानं नव्या, थोड्या किरणांतही फिल्मवर जास्त उजेड पाडणाऱ्या पडद्यांची कॅसेट, म्हणजे फिल्म ठेवायची पेटी, बघायला दिली होती, आणि ती मी मुद्दाम हिच्यासाठी राखून ठेवली होती. या वेळी पहिल्या विक्रमाच्याही निम्म्यावर जायचं, असं मी आणि मामांनी सकाळपासून ठरवलं होतं. बर्फ तयार, पारा जागेवर. मी तिला आत घेतलं, दार लोटलं आणि पाळीचा ठरलेला प्रश्न विचारला.

“ह्या खेपेला आली न्हाई अक्का,” ती म्हणाली. “फोटू काढायचा न्हाई म्हनून सांगायलाच आले. मालकास्नी बी अजून बोलले न्हाई.”

माझा हात नव्या कॅसेटवर होता. मला फार आनंद झाला. तेवढ्यात सर आत आले. तिला आज टेबलावर घेता येणार नाही, असं मी त्यांना सांगितलं आणि ते लगेच समजले. तरी जरा घुटमळले. हा त्यांचा इथला पहिला सांधा होता आणि परिषद तोंडावर होती.

“तुमच्या त्या नव्या पडद्यावर एकच काढला तर?” ते म्हणाले. “ते म्हणजे जवळजवळ काहीच नाही ना?”

आणि माझ्या डोक्यात आकडे सुरू झाले. झोत आणखी आवळला तर, शिशाचे दोन थर ठेवले तर, खरंच जवळजवळ काहीच नाही. मी ते मनातल्या मनात मांडत होते, आणि ती पोटावर पदर ओढून माझ्याकडे बघत होती. तिनं जे सांगायचं ते सांगून झालं होतं.

मी यंत्राचा मोठा खटका खाली ओढला. घरघर थांबली.

“सर, जवळजवळ काहीच नाही, हे मी शोधून काढलंय,” मी म्हटलं. “काहीच नाही, हे त्याहून कमी आहे.”

“मग मी बघू काय?”

“तिला चालताना बघा.”

सर व्हरांड्यात गेले, भिंतीला टेकून फरशीवर खाली बसले, म्हणजे तिच्या कमरेची पातळी नीट दिसेल, आणि म्हणाले, “चाल बघू पोरी.” ती त्या टोकापर्यंत गेली आणि वळून परत आली. “पुन्हा,” सर म्हणाले. ती पुन्हा गेली. दोन्ही खांदे सरळ, पाऊल कुठंही अडखळत नव्हतं. तिसऱ्यांदा ते काही म्हणायच्या आत तिनंच सांगितलं की मंद्रूपची यष्टी सुटायची वेळ झालीय, आणि ती जिन्याकडे निघाली. सर खालीच बसून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.